हिला धरायचं कुठं? नव्या फोर-बाय-फोरचे पहिले अपग्रेड कसे ठरवायचे

ज्यांनी हा एपिसोड बसमध्ये अर्धवट ऐकला, किंवा ज्यांना ऐकता ऐकता आकडे टिपून घेता आले नाहीत, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना मी भरकटतो तो भाग छाटलाय. बाकी भाषा आपली नेहमीचीच.

गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त आलेला मेसेज कोणता माहितीये? "दादा, नवी थार घेतली, पहिलं काय लावू?" थारच्या जागी कधी जिम्नी असते, कधी गुरखा, पण पुढचं सगळं सारखंच. खाली चार स्क्रीनशॉट. एकात एलईडी बार, एकात लोखंडी बंपर, एकात विंच आणि चौथ्यात हे भलेमोठे टायर.

उत्तर द्यायच्या आधी एक गोष्ट सांगतो. ती ऐकल्यावर यादी आपोआप उलटी होते.

मावसभावाची गाडी आणि ट्रॅक्टरवाले काका

माझ्या मावसभावाने नवी फोर-बाय-फोर घेतली. पहिल्याच महिन्यात पुढे जाड बंपर बसवला, त्याला दोन लालभडक रिंगा, वर लाईटचा पट्टा. दिसायला एक नंबर! जुलैत आम्ही मावळात एका गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर गेलो. जेमतेम दहा-बारा फुटांचा चढ होता, पण रात्रभर पाऊस झालेला. गाडी अर्ध्यात गेली, चाकं फिरायला लागली आणि पाच मिनिटांत आम्ही डिफरन्शियलपर्यंत चिखलात. टायरमधली हवा कमी करायला हवी हे आठवलं, पण परत भरायला पंप नव्हता, म्हणून केली नाही. साधं फावडंसुद्धा नव्हतं. लाईट मात्र लख्ख.

शेवटी शेजारच्या शेतातले एक काका ट्रॅक्टर घेऊन आले. दोर त्या लाल रिंगेत अडकवला. काका म्हणाले, "पोरांनो, लांब उभं राहा. दोर माणूस बघत नाही." पहिल्या झटक्यात गाडी हलली. दुसऱ्या झटक्यात फाडकन आवाज आला आणि ती रिंग बंपरमधून उपटून दोरासकट ट्रॅक्टरच्या दिशेने गेली. मडगार्डला बसली. पत्रा आत गेला. काकांच्या पाठीपासून ते अंतर फार तर एक वीत असेल.

कोणी काही बोललं नाही. काका उतरले, बंपरच्या भोकाकडे पाहिलं. रिंग शोभेची होती, पातळ पत्र्याला दोन बोल्टवर लावलेली. ते एवढंच म्हणाले, "गाडी भारी आहे, पण हिला धरायचं कुठं?"

मंडळी, हाच पहिला प्रश्न. गाडी कुठे जाऊ शकते, किती उंच दिसते, हे नंतर. ती अडकली तर तिला धरायचं कुठं, आणि आपण व आपल्याला मदत करणारा माणूस धडपणे घरी कसा जाणार? पहिल्या अपग्रेडची यादी इथून सुरू करायची.

शून्यावी पायरी: आहे ती गाडी ओळखा

आधी खात्री करा की तुमची गाडी खरोखर फोर-बाय-फोर आहे. हसू नका. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळते आणि बाहेरून दोन्ही बहिणीच दिसतात. टू-व्हील ड्राइव्ह गाडीला मड टायर लावले म्हणून ती फोर-बाय-फोर होत नाही.

मग मॅन्युअल उघडा. जमिनीपासूनची उंची, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, थारची २२६ मिमी आहे आणि पाच दारी जिम्नीची २१० मिमी. थारसाठी कंपनी ६५० मिमी खोल पाण्यापर्यंतची क्षमता सांगते. गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफ लॉक कंपनीतूनच येतात, स्नॉर्केलही. म्हणजे लोक बाहेर पैसे मोजून जे लावतात, त्यातलं बरंच तुमच्याकडे आधीच असू शकतं.

मॅन्युअलमध्ये तीन कोनही असतात. पुढचा कोन सांगतो की चढाला नाक टेकेल का. मागचा सांगतो की उतरताना शेपूट घासेल का. मधला सांगतो की उंचवट्यावर पोट अडकेल का. जिम्नी आखूड वाटते, पण पाच दारी झाल्यावर तिचा मधला कोन २४ अंशांवर आला. म्हणून तिच्या मालकाने बांध आणि मोठे दगड ओलांडताना पोटाकडे लक्ष द्यायचं.

आणि फोर-लो वापरायला शिका. कितीतरी जणांनी तो दांडा शोरूमनंतर कधी हलवलेलाच नसतो. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड ट्रेनिंग अकॅडमी आहे. तिथे जा, किंवा जुन्या जाणत्या ग्रुपबरोबर दोन ट्रिप करा. ड्रायव्हर हा गाडीचा सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे, आणि पुढची गाडी घेतली तरी तो बरोबर येतो.

पहिला खर्च: हवा

हो, हवा. टायरमधली हवा कमी केली की टायर थोडा बसतो आणि जमिनीला टेकणारा त्याचा भाग लांबतो. गाडीचं वजन जास्त जागेवर पसरतं, टायर कमी रुततो. खडकावर तोच मऊ टायर दगडाला कवटाळतो आणि घसरणं कमी होतं.

रस्त्यावर दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा पाळायचा. चिखल किंवा खडकाळ वाट असेल तर २० पीएसआयच्या आसपास उतरा. जैसलमेरसारख्या भुसभुशीत वाळूत अनुभवी लोक १५ ते १८ पर्यंत जातात. त्याखाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. हवा कमी असताना वेग कमी ठेवायचा, झटकन स्टिअरिंग वळवायचं नाही. आणि डांबरावर यायच्या आधी हवा परत भरायची. हे विसरलात तर कमी हवेचा टायर हायवेवर तापतो आणि फुटतो.

यासाठी लागतं काय? एक चांगला गेज आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडता येणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप चार मोठे टायर भरता भरता गरम होऊन बसतात आणि सॉकेटचा फ्यूजही उडवतात. मावसभावाकडे हे दोन्ही असतं, तर बहुधा ट्रॅक्टर लागलाच नसता.

दुसरा खर्च: धरायची जागा आणि दोर

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. कंपनीने चेसिसला दिलेले टो हुक कुठे आहेत आणि कशासाठी आहेत, ते मॅन्युअलमध्ये बघा. काही हुक फक्त सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढण्यापुरते असतात. चिखलात रुतलेली गाडी उपसताना जोर कितीतरी पट लागतो. गरज वाटली तर चेसिसला बसणारा, वजनक्षमता छापलेला रिकव्हरी पॉइंट घ्या. बाजारातल्या बंपरची रंगीत रिंग हा रिकव्हरी पॉइंट नाही. आणि मागचा तो गोल गोळा, ज्याला ट्रेलर जोडतात, त्याला झटक्याने ओढायचा दोर कधीही अडकवायचा नाही. तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. जगात यामुळे माणसं दगावली आहेत.

दोरांचे दोन प्रकार लक्षात ठेवा. टो स्ट्रॅप ताणत नाही, तो हळू ओढण्यासाठी. कायनेटिक दोर नायलॉनचा असतो, तो रबरासारखा ताणतो, ऊर्जा साठवतो आणि मऊ झटक्याने गाडी बाहेर काढतो. टो स्ट्रॅपला झटका दिला तर काहीतरी तुटणारच. दोराची तुटण्याची क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या साधारण तिप्पट असावी. शॅकलवर क्षमता छापलेली असते. १९ मिमीच्या प्रमाणित बो शॅकलवर ४.७५ टन लिहिलेलं दिसेल. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही, ते हार्डवेअरच्या दुकानातच राहू द्या. आता दोराचे सॉफ्ट शॅकलही मिळतात. ते हलके असतात, आणि तुटले तर लोखंडाचा तुकडा उडत नाही.

ओढताना तीन नियम. दोरावर ब्लँकेट किंवा डँपर टाका. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा. दोर ओलांडून कोणी जायचं नाही. आणि मदतीला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला हे समजावून सांगणं आपलं काम. तो रोज बैल आणि नांगर ओढतो, तुमच्या गाडीचा हुक कसा आहे हे त्याला कसं कळणार?

बरोबर एक फावडं, जाड हातमोजे, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि जमलं तर चाकाखाली सरकवायच्या ट्रॅक्शन बोर्डांची जोडी. पुष्कळदा दहा मिनिटं फावडं मारलं की दोर पिशवीतून काढायचीही गरज पडत नाही.

तिसरा: टायर, पण डोळे उघडे ठेवून

टायर हा सगळ्यात परिणामकारक बदल, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एचटी म्हणजे हायवेचे, एटी म्हणजे सगळीकडचे, एमटी म्हणजे चिखलाचे. एमटीचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यातली दरी रुंद, त्यामुळे चिखल बाहेर फेकला जातो. पण ओल्या डांबरावर तेवढंच कमी रबर टेकतं, ब्रेक लावल्यावर गाडी जास्त लांब जाते आणि आवाज होतो तो वेगळाच. आता प्रामाणिकपणे सांगा, तुमचे शंभरपैकी किती किलोमीटर चिखलात जातात? बहुतेकांसाठी उत्तर एटी हेच आहे.

मातीचाही विचार करा. कोकणातली जांभ्याची लाल माती निसरडी होते. देशावरची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला अशी चिकटते की पाच मिनिटांत एटीच काय, एमटीचाही गुलाबजाम होतो. ओल्या काळ्या मातीत टायर बदलण्यापेक्षा वाट बदललेली बरी.

मोठा टायर घालायचा असेल तर आधी कागदावर गणित करा. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, म्हणजे व्यास सुमारे ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ घातला तर व्यास ७०३ च्या आसपास, म्हणजे क्लिअरन्स वाढला फक्त ५ मिमी. २३५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७३३ होतो, क्लिअरन्स २० मिमी वाढतो. पण आता काट्यावर जो वेग दिसतो, त्यापेक्षा खरा वेग मूळ टायरच्या मानाने जवळपास ६ टक्के जास्त. गिअरिंग तेवढंच जड, क्लचवर ताण, मायलेज कमी, आणि पूर्ण वळवल्यावर टायर आत घासतो का ते वेगळं. टायरवरचा लोड इंडेक्स मूळपेक्षा कमी नको, हेही बघा.

इथेच लिफ्ट किटचा गैरसमज. जिम्नीला दोन्हीकडे सलग अॅक्सल आहे, थार आणि गुरखाला मागे. लिफ्टने बॉडी वर जाते, पण अॅक्सलवरचा तो डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. तो वर उचलतो फक्त मोठा टायर. म्हणून लिफ्ट पहिल्या वर्षाच्या यादीत नकोच.

चौथा: पोटाचं संरक्षण, पाणी आणि विमा

गाडीखाली वाकून बघा. इंजिन ऑइलचा संप, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी यांच्याखाली कंपनीची प्लेट आहे का? सह्याद्रीतला बेसाल्टचा दगड कडक आणि धारदार असतो. तुमची ट्रिप दगडांची असेल तर स्किड प्लेट आणि चेसिसला बसणारे रॉक स्लायडर उपयोगी. पायरीसारखी फूटस्टेप म्हणजे स्लायडर नव्हे, ती दगडावर वाकून दारच अडवते.

पाण्याबद्दल थोडं कडक बोलतो. स्नॉर्केल लावली म्हणून गाडी होडी होत नाही. ती फक्त इंजिनाचं नाक वर नेते. अॅक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक्स सगळं खालीच असतं. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. कंपनी सांगते ती पाण्याची खोली साचलेल्या पाण्यासाठी समजा. वाहतं पाणी वेगळं. दोन फूट वाहतं पाणी एसयूव्हीसुद्धा ढकलून नेऊ शकतं. दरवर्षी पावसाळ्यात ओढ्यात गाड्या जातात त्या काही इंजिन कमकुवत असतं म्हणून नाही. इंजिनात पाणी गेल्याची शंका आली तर स्टार्टर मारूच नका.

म्हणून माझ्या यादीत एक अपग्रेड कागदाचा आहे. साध्या विमा पॉलिसीत पाणी शिरून झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा येत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं अॅड-ऑन घ्यावं लागतं. बाहेरून लावलेल्या वस्तूही विमा कंपनीला कळवून पॉलिसीत घालून घ्या.

विंच, बंपर, लाईट: थांबा जरा

गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजचे रील्स आपण सगळेच बघतो. तिथल्या गाड्या स्पर्धेसाठी बांधलेल्या असतात, सोमवारी ऑफिसला जायच्या नसतात. विंचच ३०-४० किलोची, वर तिला धरायला लोखंडी बंपर. हे सगळं वजन नाकावर. जिम्नीचंच गणित करू. रिकामं वजन साधारण १,२०० किलो, भरून जास्तीत जास्त १,५४५. राहिले ३४५. चार मोठी माणसं २८० ची. उरले ६५ किलो. त्यात विंच, बंपर, रूफ रॅक, तंबू आणि काकूंनी दिलेला फराळाचा डबा कसा बसणार?

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळ्या होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला कलम १८२-ए खाली ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. ते पादचाऱ्याला जास्त घातक ठरतात आणि आपल्या एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतात. टायर किंवा लाईट बदलायच्या आधी सर्व्हिस सेंटरला वॉरंटीबद्दल विचारा, उत्तर लेखी घ्या. वायरिंग कापून, रिले न लावता जोडलेली लाईट वॉरंटी तर घालवतेच, शिवाय आगीला निमंत्रण.

आणि हो, गोव्यात बीचवर गाडी घालायला बंदी आहे. जंगलात परवानगी लागते. कोणाच्या शेतातून जायचं तर आधी विचारायचं. ती आपली टेस्ट ट्रॅक नव्हे, त्यांचं पोट आहे.

मग यादी कशी करायची?

सोपी पद्धत. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवा. पहिले तीन-चार हजार किलोमीटर गाडी आहे तशी चालवा. कुठे अडकली, काय घासलं, कशाची कमतरता वाटली, ते लिहा. वहीत तीनदा आलेली गोष्ट विकत घ्यायची. फक्त रीलमध्ये दिसलेली नाही.

पहिला महिना: मॅन्युअल, फोर-लोचा सराव, विम्याचं अॅड-ऑन, गेज, कॉम्प्रेसर, फावडं, प्रथमोपचार पेटी.
पहिल्या पावसाळ्याआधी: रिकव्हरी पॉइंटची खात्री, दोर, शॅकल, हातमोजे, आणि सोबत दुसरी गाडी. एकट्याने जायचं नाही.
मूळ टायर झिजल्यावर: एटी, शक्यतो मूळ मापात.
वर्षानंतर, वहीने सांगितलं तर: स्किड प्लेट, स्लायडर.
त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर बाकीचं, कायद्यात बसेल तेवढं.

मावसभावाने तो बंपर काढला. मूळचा परत बसवला. दिवाळीत आम्ही काकांकडे फराळ घेऊन गेलो, मडगार्डचे पैसे द्यायला लागलो तर त्यांनी घेतले नाहीत. भावाने त्यांना गाडीखालचा नवा रिकव्हरी पॉइंट दाखवला. काका वाकले, हाताने हलवून बघितला, हलला नाही.

"आता ओढंन," म्हणाले.

तुमच्या गाडीला धरायचं कुठं? आज घरी गेल्यावर वाकून बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत हवा तपासत राहा!